मोत माउलीचा हात

विटा हे सोने-चांदी आटवणाऱ्यांचे गाव. खानापूर तालुक्यातल्या कोरडवाहू माळावरून उठून इथली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. मोठ्या शहराच्या सराफ बाजारात एखाद्या बोळात भट्टी पेटलेली दिसली, तर आपल्याच भागातला गडी भेटण्याची शक्यता असते. या धंद्याचा एक गुण आम्ही लहानपणापासून पाहत आलो. मुशीत पडलेल्या दागिन्याला जात-धर्म उरत नाही. मंगळसूत्राची वाटी असो, निकाहात चढवलेले झुमके असोत की चर्चमधल्या क्रूसावरचा चांदीचा पत्रा असो, लगड झाली की कोण कुठले ते सांगता येत नाही. सोने शुद्ध होते आणि आपला इतिहास विसरते.

लाकडाचे तसे नाही. लाकूड आटत नाही. ते जळते, किडते, तडकते. पण टिकलेच तर अंगावरचे सगळे घाव घेऊन टिकते. म्हणूनच पोर्तुगीज अमदानीत कोरलेल्या कॅथलिक लाकडी मूर्तींकडे आम्हांला इतिहासाचा दस्तऐवज म्हणून पाहावेसे वाटते. विट्याचा आणि या मूर्तींचा तसा संबंध नाही. आमच्या जिल्ह्यात ख्रिस्ती म्हटले की मिरजेचे मिशन हॉस्पिटल आठवते. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली उभारलेले ते काम प्रॉटेस्टंटांचे. त्यांच्या प्रार्थनाघरात साधा क्रूस असतो, मूर्ती नसते. त्यामुळे मरियम आणि संतांच्या रंगीत, सोनेरी मूर्ती पाहायच्या तर घाट उतरून गोव्याला, वसईला किंवा मुंबईला जावे लागते.

मुसलमानाने मूर्तींवर का लिहावे, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. आमच्या अकिद्यात मूर्तीला जागा नाही, हे उघड आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण पूजा न करणे वेगळे आणि न पाहणे वेगळे. शिवाय या मूर्तींमध्ये जी बाई पुन्हा पुन्हा दिसते, ती आपल्याला परकी नाही. कुरआनात नावानिशी उल्लेख असलेली एकमेव स्त्री म्हणजे हजरत मरियम. एकोणिसावी सूरह तिच्याच नावाची आहे. आपल्या कितीतरी लेकींची नावे मरियम आहेत. त्या बाईची लाकडातली प्रतिमा कोणी घडवली, कोणी तोडली आणि कोणी सांभाळली, हे समजून घेण्यात आपला अकिदा कुठे आड येतो?

आधी गोव्याकडे जाऊ. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला गोवा विजापूरच्या आदिलशाहीत होता. आमचा हा मुलूखही पुढे त्याच विजापूरकरांच्या अमलाखाली होता. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा कायमचा घेतला. तो दिवस संत कॅथरिनचा होता, म्हणून विजयाची आठवण तिच्या नावाने बांधली गेली. पण त्या विजयाची दुसरी बाजूही आहे. शहरातल्या मुसलमानांची सरसकट कत्तल झाली. अल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजाला पाठवलेल्या पत्रात मारलेल्यांचा आकडा सुमारे सहा हजार दिला आहे आणि तो अभिमानाने दिला आहे. पुढे १५४० च्या सुमारास तिसवाडीतली आणि १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. मध्ये चार वर्षे बंद पडून ते १८१२ पर्यंत चालले. गोव्याच्या चर्चमधल्या सोनेरी वेदीसमोर उभे राहणाऱ्याने हे विसरू नये, असे आम्हांला वाटते.

परंतु गोष्ट इथे संपत नाही, इथून सुरू होते. इतकी चर्च उभी राहिली, त्यांना मूर्ती हव्या होत्या. लिस्बनहून गलबताने किती मूर्ती येणार? लाकूड इथले होते आणि लाकडाला हात लावणारा माणूसही इथलाच होता. गोव्याचे सुतार, ज्यांना तिकडे चारी म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या देवळांचे खांब, पालख्या आणि रथ कोरत आले होते. काही बाटले, काही हिंदूच राहिले. त्यांच्याच हातून मरियम, बाळ येशू, संत फ्रान्सिस, संत अँथनी घडू लागले. हे धर्मसत्तेला रुचले नाही. १५६७ साली गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने बिगर-ख्रिस्ती कारागिरांकडून पवित्र प्रतिमा करवून घेण्यास मनाई केली. पुढेही अशा मनाया निघत राहिल्या. एकच हुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागतो याचा अर्थ आपण सरकारी कारभार पाहिलेली माणसे बरोबर ओळखतो. हुकूम कोणी पाळत नव्हते. पाद्र्याला मूर्ती हवी होती, कारागिराला मजुरी हवी होती, आणि हुनर त्याच्याकडेच होते.

या हातांनी काय केले, ते मूर्तींकडे निरखून पाहिले की दिसते. युरोपहून आलेले चित्र किंवा नमुना समोर ठेवून काम चाले, पण छिन्नी आपल्या वळणाने जाई. बाळ येशूचे गाल बाळकृष्णासारखे भरले. डोळे बदामी झाले, पायाखाली कमळाच्या पाकळ्या आल्या. गोव्यातल्या काही चर्चमध्ये प्रवचनाच्या लाकडी व्यासपीठाला खालून नागकन्यांनी तोलून धरले आहे. हस्तिदंतातला ‘भला मेंढपाळ’ तर पाय दुमडून, गालाला हात लावून, डोळे मिटून असा बसला आहे, की नाव सांगितले नाही तर बघणाऱ्याला ध्यानस्थ बुद्ध आठवावा. याच काळात, १६१६ साली, साष्टीतल्या राशोल इथे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. येशूची कथा त्याने मराठी ओवीत सांगितली. पाद्र्याने शब्दांत जे केले, तेच अनाम सुताराने लाकडात केले. परक्याची गोष्ट आपल्या वळणात उतरली आणि मग ती पूर्णपणे परकी राहिली नाही.

मूर्ती घडवण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. चांगले मुरलेले लाकूड घ्यायचे, बहुधा साग. मोठी मूर्ती असेल तर पाठीमागून पोखरायची, म्हणजे लाकूड आकसताना तडकत नाही. अंगाबाहेर येणारे हात वेगळे कोरून लाकडी खुंटीने बसवायचे. वरून खडू आणि सरसाचे पांढरे लेप, ते घोटून गुळगुळीत करायचे. जिथे सोने लावायचे तिथे तांबड्या मातीचा हात, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि अकीकाच्या दगडाने घासून झळाळी. कधी त्या वर्खावर रंग देऊन टोकदार काडीने नक्षी खरवडायची, म्हणजे रंगातून सोने डोकावते आणि वस्त्रावर जरीचे काम दिसते. चेहऱ्याचा आणि हातांचा रंग सर्वांत शेवटी. काही मूर्तींना फक्त डोके आणि हात कोरलेले असत. बाकी आत लाकडी सांगाडा, वरून खरी वस्त्रे. गुड फ्रायडेला क्रूसावरून खाली उतरवायच्या येशूच्या मूर्तीला तर खांद्याशी सांधे ठेवलेले असत, म्हणजे हात खाली घेता येत.

यातली एक गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. हात वेगळा कोरून बसवलेला असतो. त्यामुळे मूर्तीला धक्का बसला की सर्वांत आधी हातच निखळतो. जुन्या मूर्तींच्या संग्रहात हात नसलेले किती संत उभे असतात, त्याचे कारण हेच. पण एका मूर्तीचा हात आपोआप निखळला नाही. तो तोडला गेला. ती मूर्ती गोव्यात नाही, आपल्या महाराष्ट्रात, मुंबईच्या बांद्र्यात आहे.

बांद्रा, वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगिजांना मिळाली ती एका मुसलमान सुलतानाकडून. मोगल बादशहा हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये तह करून हा मुलूख त्यांच्या हवाली केला. जेझुइट पाद्री बांद्र्याला आले. समुद्रालगतच्या टेकडीवर त्यांनी छोटे प्रार्थनामंदिर बांधून मरियमची मूर्ती बसवली. टेकडीला पोर्तुगीज भाषेत ‘मोंते’ म्हणतात. त्यावरून ‘मोंते’ची माउली ती कोळ्यांच्या तोंडी ‘मोत माउली’ झाली असावी. मोत्याची माउली, असाही तिचा अर्थ लावतात. ‘माउली’ या शब्दाबद्दल मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. वारकरी ज्या शब्दाने ज्ञानोबांना हाक मारतो, त्याच शब्दाने बांद्र्याच्या कोळणीने मरियमला हाक मारली.

आता त्या हाताची हकिकत. १७०० साली अरबांचे तांडे बांद्र्यावर चालून आले. ते मस्कतचे होते. त्यांना नुसते चाचे म्हणून सोडून देता येत नाही. पोर्तुगिजांनी शतकभराहून अधिक काळ मस्कत दाबून ठेवले होते. १६५० मध्ये ओमानी अरबांनी ते सोडवले आणि मग ते पोर्तुगिजांच्या पाठीशी लागले. त्यांनी १६६८ मध्ये दीव लुटले, १६७४ मध्ये वसईवर घाला घातला आणि १६९८ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा मोंबासाचा किल्ला घेतला. बांद्र्याचा हल्ला याच मालिकेतला. टेकडीवरच्या मूर्तीच्या हातात सोनेरी मुलाम्याची काही वस्तू होती. तिच्यासाठी त्यांनी मूर्तीचा उजवा हात तोडून नेला. ते आणखी नासधूस करणार होते, पण मधमाश्यांचे मोहोळ उठले आणि ते पळाले, अशी आख्यायिका बांद्र्यात सांगतात.

हात तोडणारे आमचे धर्मबंधू होते. हे लिहिताना आम्ही अडखळत नाही. त्यांनी ते इस्लामसाठी केले, असे मात्र ती हकिकतही म्हणत नाही. मूर्तिभंजनाची ओढ असती तर मूर्तीच राहिली नसती. त्यांना सोने हवे होते. आणि ते सोने तरी केवढे? वर्ख हातात धरला तर श्वासानेही फाटावा इतका पातळ. विट्यातल्या कुठल्याही गलाईवाल्याला ती वस्तू दाखवली असती, तर खरवडून मुशीत घालण्याइतकेही सोने त्यात नाही, असे त्याने नुसत्या नजरेने सांगितले असते. दोन दर्यावर्दी सत्तांच्या वैरात एका कारागिराच्या कामाचा हात गेला आणि लुटारूंच्या पदरात जवळजवळ काहीच पडले नाही.

त्या जखमी माउलीचे पुढचे दिवसही सोपे नव्हते. १७३७ पासून मराठे-पोर्तुगीज लढाई पेटली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. या धामधुमीत टेकडीवरचे प्रार्थनामंदिर जमीनदोस्त झाले. मूर्तीला आसरा मिळाला तो खाडीपलीकडे, इंग्रजांच्या हद्दीत, माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये. १७३९ ते १७६१ अशी बावीस वर्षे ती तिथे होती. आपल्या वाचकांना माहीम म्हटले की दुसरेच नाव आठवेल. कोकणी मुसलमानांचे थोर आलिम, कुरआनाचे अरबी भाष्यकार मखदूम फकीह अली माहीमी यांचा दर्गा तिथेच आहे. ते पंधराव्या शतकात वारले. म्हणजे मरियमची जखमी मूर्ती माहीमला आली, तेव्हा मखदूमसाहेबांच्या मजारीला तीनशे वर्षे झाली होती. एकाच गावात ख्रिस्ती माउलीसमोर मेणबत्ती लावत होते आणि मुसलमान दर्ग्यात चादर चढवत होते.

१७६१ साली टेकडीवरचे मंदिर पुन्हा उभे राहिले. हे साल मराठी माणसाला पानिपतामुळे ठाऊक आहे. याच साली, याच मराठ्यांच्या राज्यात, बांद्र्याच्या टेकडीवर मरियमचे घर पुन्हा बांधले गेले. साष्टी आणि बांद्रा १७७४ पर्यंत मराठ्यांकडे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. लढाईत ज्यांच्या अमलात मंदिर पडले, त्यांच्याच अमलात ते उभेही राहिले. नव्या मंदिरात जखमी मूर्तीच्या जागी जवळच्या सेंट अँड्र्यू चर्चमधली दर्यावर्दींची माउली आणून ठेवली. ही दुसरी मूर्ती समुद्रात तरंगत आली आणि एका कोळ्याला तिचे आधी स्वप्न पडले होते, अशी श्रद्धा आहे. पुढे पहिली मूर्तीही दुरुस्त झाली. आज मानाच्या जागी तीच आहे.

सध्याची वास्तू १९०४ ची. तिचा आराखडा शापूरजी चंदाभाई या पारशी वास्तुविशारदाने केला. त्याच्याही आधी, १८४५ साली, माहीम आणि बांद्रा जोडणारा रस्ता खाडीवर झाला, तो लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई या पारशी बाईच्या पैशातून. होड्या उलटून माणसे बुडत, ते थांबले आणि माउलीच्या टेकडीकडे जाणारी वाट सुरक्षित झाली. दरवर्षी ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर तिथे जत्रा भरते. कोळी, ईस्ट इंडियन, हिंदू, पारशी, मुसलमान सगळे टेकडी चढतात. मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरे नवसाला वाहिली जातात. जिचा स्वतःचा हात तोडला गेला, तिच्यापुढे लोक आपल्या दुखऱ्या हातासाठी मेणाचा हात ठेवतात.

चिमाजी आप्पांच्या मोहिमेची एक खूण आमच्या बाजूलाही आहे. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी काढून आणल्या आणि देवळांना वाहिल्या. त्यांपैकी एक सातारा जिल्ह्यात, वाईजवळच्या मेणवलीला, नाना फडणीसांच्या घाटावर टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियमची आकृती आहे. घंटा लुटीत आली, हे खरे. पण कोणी ती आटवली नाही, आकृती घासून काढली नाही. कृष्णेच्या काठी, महादेवाच्या देवळाशेजारी मरियम आपल्या बाळाला घेऊन शांत बसली आहे.

हे सगळे आम्ही का मांडतो? आपल्याकडे इतिहासाचा हिशोब मागण्याची एक पद्धत रूढ झाली आहे. कुठल्या तरी शतकात कुठल्या तरी सुलतानाने किंवा चाच्याने काही तोडले, की त्याचा जाब आजच्या मुसलमानाला विचारला जातो. ख्रिस्ती माणसाला पोर्तुगिजांच्या इन्क्विझिशनचा जाब विचारतात. हा हिशोब रक्ताने नाही, नावाने लावला जातो. मस्कतच्या अरबाचे आणि विट्याच्या, कडेगावच्या, मिरजेच्या मुसलमानाचे नाव सारखे असेल. पण आपण ज्या मातीत पिकलो, जी भाषा बोललो, ज्या कारागिरांत वाढलो, ती आपली वंशावळ आहे. बांद्र्याचा ईस्ट इंडियन घरात मराठीचीच बोली बोलतो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते मराठी लेखक म्हणून. लिस्बनचा अल्बुकर्क त्यांचा पूर्वज नाही आणि मस्कतचा लुटारू आमचा नाही.

आमचा पूर्वज शोधायचा तर तो हुनर करणाऱ्यात शोधावा. विट्याहून थोड्याच अंतरावर कडेगाव आहे. तिथले मोहरमचे आकाशाला भिडणारे ताबूत पाहायला लांबून माणसे येतात. बांबूचा तो डोलारा ‘आधी कळस, मग पाया’ या उलट्या रीतीने बांधला जातो. अनेक ताबूत हिंदू घराण्यांच्या मानाचे आहेत. ताबूत बांधणाऱ्या हिंदूला कोणी अकिदा विचारत नाही, त्याच्या गाठी घट्ट बसतात की नाही एवढेच पाहतात. चारशे वर्षांपूर्वी मरियमचा चेहरा कोरणाऱ्या गोव्याच्या हिंदू सुतारालाही धर्मपरिषदेचा हुकूम सोडला तर कोणी दुसरे विचारत नव्हते. आमच्या गावच्या ताबुतात आणि गोव्याच्या मूर्तीत नाते आहे ते या हातांचे.

या लाकडाला आजही शत्रू आहेत. वाळवी आहे, किनाऱ्यावरची दमट हवा आहे, आणि जुन्या वर्खावर चकचकीत ऑइलपेंट फासणारा भाबडा भक्तही आहे. सर्वांत मोठा शत्रू मात्र जुन्या वस्तूंचा चोरबाजार. गोव्यातले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले आणि २००२ मध्ये जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात आले. जानेवारी २०१२ मध्ये तिथे चोरी झाली आणि पहारेकऱ्याचा जीव गेला. नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये ते पुन्हा उघडले. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. तरी दिवाणखान्यात शोभा म्हणून असे संत विकत घेणारे आहेत, आणि घेणारा आहे तोवर चोरणाराही राहील. सोन्यासाठी हात तोडणाऱ्या त्या १७०० सालच्या माणसाची जात अजून संपलेली नाही. तिला धर्म तेव्हाही नव्हता, आताही नाही.

माउलीचा हात ज्याने तोडला त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. ज्याने तो हात कोरला त्याचेही नाही. ज्याने पुढे तो दुरुस्त केला, त्याचेही नाव सर्वसामान्य भाविक घेत नाहीत. तीन अनाम माणसे आणि एक लाकूड. या तिघांपैकी कोणाचा वारसा सांगायचा, हे आपल्या हातात आहे. आमच्यापुरते आम्ही ठरवले आहे: कोरणाऱ्याचा आणि दुरुस्त करणाऱ्याचा.